हलके फ्लायव्हील कोणासाठी?

प्रश्न : पोर्शे 911 च्या 996 मालिकेतील मॅन्युअल गाडीचा क्लच घसरू लागल्यास, नव्या क्लचसोबत हलके फ्लायव्हील बसवणे योग्य ठरते का?

उत्तर : या गाडीचे मूळ फ्लायव्हील दुहेरी वस्तुमानाचे, म्हणजे स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन चकत्यांचे असून, इंजिनातील प्रत्येक ज्वलनाबरोबर क्रँकशाफ्टला बसणारे हिसके बरेचसे त्या स्प्रिंगांतच जिरतात. एकसंध हलक्या फ्लायव्हीलमुळे इंजिनाचे फेरे झटपट चढतात-उतरतात हे खरे. परंतु गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना गिअरबॉक्समधून डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट येतो, आणि धक्के शोषण्याचे काम क्लच प्लेटवर येत असल्याने तिच्या मध्यभागी स्प्रिंगा असणे आवश्यक ठरते. शर्यतीच्या ट्रॅकवर हा सौदा परवडतो, रोजच्या रहदारीत क्वचितच. मूळ फ्लायव्हील तापून निळे पडले असेल, त्यावर भेगा दिसत असतील किंवा दोन चकत्यांमधील सैलपणा उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला असेल, तर ते बदलावेच. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग मात्र एकत्रच घ्यावे, आणि गिअरबॉक्स उतरलेला असतानाच क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील व इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग तपासून घ्यावे. हे बेअरिंग या मालिकेतील बहुतेक इंजिनांचे कुप्रसिद्ध दुखणे आहे.