ड्रोनचालकाची परीक्षा आणि उजळणीचे वेळापत्रक

पिकांवरील फवारणीसाठी ड्रोन वापरात येऊ लागल्यापासून ड्रोनचालन हा ग्रामीण भागातील एक नवा व्यवसाय होऊ पाहत आहे. महिला स्वयंसहाय्यता गटांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५ दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद करण्यात आली. त्यांपैकी ५ दिवस ड्रोनचालनाचे व १० दिवस शेतीतील फवारणीचे. शाळा सोडून बरीच वर्षे लोटलेल्या गृहिणीने एवढ्या अवधीत नियम, हवाई क्षेत्रे, हवामान आणि बॅटरीची निगा आत्मसात करावयाची असते. रात्र जागून केलेल्या पाठांतरावर परीक्षा कदाचित निभावेलही. परंतु दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र १० वर्षे वैध असते आणि घाईने पाठ केलेले लवकरच विरून जाते.

याविषयी जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग आजही मार्गदर्शक ठरतात. त्यांनी निरर्थक अक्षरांच्या मालिका स्वतःच पाठ करून विस्मरणाचे मोजमाप केले. एकाच दिवशी केलेल्या ६८ आवर्तनांनी जे साधले, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधले, असे त्यांना आढळून आले. श्रम जवळजवळ निम्मे, फळ तेच! आपल्याकडील पाढ्यांच्या उजळणीमागे हेच तत्त्व होते. मात्र कोणत्या पाढ्याची उजळणी केव्हा करावी याचा हिशेब गुरुजींच्या मनात असे.

हा हिशेब विद्यार्थ्याला स्वतः ठेवता यावा म्हणून झेबास्टियान लाइटनर या पत्रकाराने १९७० च्या दशकात एक सोपी पेटी सुचविली. कार्डाच्या एका बाजूस प्रश्न व दुसऱ्या बाजूस उत्तर लिहावे. पेटीचे पाच कप्पे करावेत. उत्तर आले की कार्ड पुढील कप्प्यात सरकते. चुकले की थेट पहिल्या कप्प्यात परतते. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, याप्रमाणे अंतर वाढत जाते. भ्रमणध्वनीवरील ‘आंकी’सारखी साधने हेच काम आपोआप करतात, तथापि चपलांच्या खोक्यातही ते उत्तम होते.

कार्डावर काय लिहावे, याला मात्र महत्त्व आहे. ड्रोन नियम, २०२१ मधील आकडे एकमेकांत सहज मिसळतात. हरित क्षेत्रात सामान्यतः ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. ८ किलोमीटरच्या आत तीही सवलत नाही. हे सर्व एकाच कार्डावर कोंबले तर काहीच लक्षात राहणार नाही. एका कार्डावर एकच प्रश्न असावा आणि तो शक्यतो प्रसंगातून विचारावा: “विमानतळाच्या हद्दीपासून १० किलोमीटरवर ३०० फूट उंच जावयाचे आहे; परवानगी लागेल काय?” होय, हवाई वाहतूक नियंत्रणाची लागेल, कारण ते पीत क्षेत्र आहे. वजनाचे गट तसेच: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत सूक्ष्म, २५ किलोपर्यंत लघु. लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल पूर्ण भारित झाल्यावर ४.२ व्होल्ट दाखवितो, हेही वेगळ्या कार्डाचे काम.

न समजलेला नियम कार्डावर उतरवून उपयोग नाही. आधी प्रशिक्षकाकडून तो नकाशावर समजून घ्यावा. हाताचे कसब तर मैदानावरच येते. आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. पीत क्षेत्राची मर्यादा पूर्वी विमानतळापासून ४५ किलोमीटर होती. २०२१ मध्ये ती १२ वर आली. पेटीत जुने कार्ड राहिले, तर चुकीचा आकडाच उजळणीने पक्का होईल. म्हणून फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी शेवटच्या कप्प्यातील कार्डे बाहेर काढून प्रचलित नियमांशी एकेक ताडून पाहावीत आणि बदललेले कार्ड नव्याने लिहून पुन्हा पहिल्या कप्प्यात ठेवावे.