तेच पाणी, वेगळी भावना

प्रश्न : वाराणसीच्या राजा घाटावर उन्हाळ्यात निवांत वाटणारी गंगा पुराच्या दिवसांत भयावह का वाटते?

उत्तर : भावनेची तीव्रता दृश्याइतकीच संदर्भावर ठरते. पूर्वी अमृतराव पेशव्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घाटाच्या पायऱ्या उघड्या आहेत की बुडालेल्या, ऋतू कोणता, याची सांगड मेंदूतील हिप्पोकॅम्पस जुन्या आठवणींशी घालतो. अमिग्डाला धोक्याचा इशारा देतो. संदर्भ सुरक्षित असल्यास कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्स तो आवरतो. ओसरलेली भीती पुसली जात नाही. तिच्यावर सुरक्षिततेची नवी स्मृती बसते आणि ती बऱ्याच अंशी त्या जागेशी बांधलेली असते. त्यामुळे घाटावर गेलेली पाण्याची भीती दुसऱ्या नदीकाठी परतू शकते. म्हणूनच भीती घालवण्याचा सराव तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वेगवेगळ्या ठिकाणी करणे हिताचे असते.