भूमीची प्रतबंदी : एक दुर्लक्षित व्यवसाय

बारावीचा निकाल हाती आला की बुलढाणा जिल्ह्यातील अनेक कास्तकार कुटुंबांत एक शंका मूळ धरते : ज्या लेकराला शेतीच्या बेभरवशातून बाहेर काढण्यासाठी आपण पोटाला चिमटा घेतला, तेच उद्या मातीचा अभ्यास करावयाचा म्हणाले, तर ते पुन्हा त्याच मातीत लोटल्यासारखे होणार नाही काय? ही शंका स्वाभाविक आहे, आणि तिला आदरपूर्वक उत्तर मिळाले पाहिजे; कारण एखाद्या प्रदेशातील जमिनींचे गुणधर्म शोधून त्यांचे वर्गीकरण करणे व ते नकाशावर उतरविणे, म्हणजेच मृद्सर्वेक्षण, हा शेती कसण्याहून निराळा, स्वतंत्र असा शास्त्रीय व्यवसाय आहे.

त्याला आपल्याकडे पूर्वपरंपराही आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पद्धत सुरू केली, तीत जमीन खणून तिची खोली, रंग व पोत पाहावयाचा, चुनखडी, वाळू, उतार असे दोष वजा करावयाचे आणि सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती लावावयाच्या, अशी रीत होती. इंग्रजी अमलात वऱ्हाडची जमाबंदीही पुढे याच, मुंबई पद्धत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, रीतीने झाली. त्या प्रतबंदीचा हेतू सारा ठरविण्यापुरता होता. आजच्या सर्वेक्षकाला याहून अवघड प्रश्न सोडवावा लागतो : या जमिनीला कोणते पीक, किती पाणी आणि कोणता उपचार मानवेल?

हा प्रश्न शिकण्यास बुलढाण्यासारखी भूमी विरळा. घाटावर चिखली, मेहकरकडे बेसाल्ट झिजून झालेल्या जमिनी टेकड्यांच्या माथ्यावर मुरमाड व उथळ, तर खोलगट भागात काळ्या व भारी आहेत; घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खोल गाळाची काळी जमीन पसरली आहे; आणि शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतून खारपाण पट्टा जातो. या पट्ट्यातील जमीन वरून पाहणाऱ्यास इतर काळ्या जमिनीसारखीच दिसते, उन्हाळ्यात तशाच भेगा पडतात. परंतु दीड मीटर खोल खड्डा घेऊन थरांचे नमुने तपासले की खालच्या थरांत सोडियमचे प्रमाण वाढत गेलेले आढळते. कोरड्या हवामानात चुना चुनखडीच्या रूपाने साचत जातो, मागे राहिलेल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. अशा जमिनीला विहिरीचे खारे पाणी दिल्यास रोग बळावतो, तर योग्य जागी योग्य मात्रेत जिप्सम दिल्यास ती सुधारू शकते. ती जागा नेमकी कोणती, हे सांगणारा नकाशा सर्वेक्षकच तयार करतो. शेकडो कुटुंबांच्या मिळकतीचे हिताहित ज्यावर अवलंबून आहे, त्या कामाला हलके समजणे मला अन्यायाचे वाटते.

मार्ग सरळ आहे. कृषी पदवीची चार वर्षे आणि त्यानंतर मृदविज्ञानातील पदव्युत्तर शिक्षणाची दोन. त्यासाठी १९६९ साली स्थापन झालेले अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ शेजारीच आहे. नागपूर येथे १९७६ साली स्थापन झालेला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे, तसेच महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही आहे, जेथे भूगोल व भूशास्त्राच्या पदवीधरांनाही उपग्रहचित्रांच्या कामात वाव असतो. राज्याच्या कृषी खात्यात मृद सर्वेक्षण व मृद चाचणीची स्वतंत्र शाखा आहे.

पालकांपासून एक गोष्ट लपवू नये : सरकारी पदे थोडी असतात व भरती नियमित होत नाही, म्हणून संगणकीय नकाशाशास्त्र आणि प्रयोगशाळेतील पृथक्करण ही दोन्ही कौशल्ये पाल्याने पदवीच्या काळातच हस्तगत करावीत; त्यांच्या बळावर सिंचन प्रकल्प, पाणलोट कार्यक्रम व खाजगी प्रयोगशाळा यांतही काम मिळते. सर्वेक्षणाची कामे बहुधा रब्बी निघाल्यावर, म्हणजे वऱ्हाडच्या उन्हात चालतात. तेव्हा प्रकृतीचाही विचार व्हावा. मुलींनी या क्षेत्रात येऊ नये असे मात्र कोणी सुचवू नये. निर्णयापूर्वी पाल्यासह अकोल्याच्या विद्यापीठाची शिवार फेरी पाहावी, मृदविज्ञान विभागातील विद्यार्थ्यांशी बोलावे आणि मगच प्रवेशाचा अर्ज भरावा.