तांदळाची बिअर चालते का?

शीर्षक वाचून रेक्टर सरांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. या लेखात थोडी केमिस्ट्री आहे, आपली मेस आहे आणि माझा रूममेट आहे.

रूममेट प्रतापगडजवळचा. प्रतापगड म्हटलं की आपण थेट अफजलखानावर जातो, पण हा तो साताऱ्याचा नव्हे. हा गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. महादेवाचं देवस्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा, दोन्ही तिथेच. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. आजूबाजूला जंगल आणि धानाची शेती. घरी दोन्ही वेळा भात, पोळी म्हणजे पाहुणे आल्यावर! हा पठ्ठ्या हॉस्टेलला आला आणि सकाळ-संध्याकाळ मेसची पोळी खाऊ लागला. दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत वजन उतरलं, पोट कायम बिघडलेलं, जिना चढताना धाप. रक्त कमी निघालं. पूर्व विदर्भातला मुलगा म्हणून आधी सिकलसेलची तपासणी झाली, ती निगेटिव्ह. मग लोहाच्या गोळ्या. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी सांगितली, नंतर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासला, आणि निदान झालं : सीलिअॅक डिसीज.

गहू, जव (म्हणजे बार्ली) आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. सीलिअॅकच्या पेशंटने ती खाल्ली की त्याचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्न शोषून घेणारे बारीक उंचवटे सपाट होतात. ही अॅलर्जी नव्हे, आणि 'थोडंसं खाल्लं तर काय होतं' हा प्रश्नही नव्हे. यावर औषध नाही, ग्लुटेन जन्मभर बंद हाच उपाय. कोणाला शंका आली तर एक लक्षात ठेवा, तपासणीच्या आधीच पोळी सोडू नका, नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

आता बिअर. फायनल इयरच्या सेंड-ऑफला (कुठे ते विचारू नका, आम्ही सगळे २१ पूर्ण होतो) कोणीतरी एक बाटली आणली आणि म्हणालं, ही राइसवाली आहे, तुला चालेल. रूममेट खूश. "काऊन बे, तांदळाचीच तं हाये!" मी लेबल वाचलं. तांदूळ होता खरा, पण त्याच्या आधी 'बार्ली माल्ट' लिहिलेलं होतं.

तांदळासोबत जव का लागतो? यीस्ट साखर खातं, स्टार्च नाही. धान्यातल्या स्टार्चची साखर करायला एन्झाइम पाहिजेत. जव भिजवून मोड आणले की ते एन्झाइम त्यात भरपूर तयार होतात, यालाच माल्ट म्हणतात. माल्ट साधारण ६२ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवला की काम फत्ते. तांदळाच्या बऱ्याच जातींचा स्टार्च मात्र ७० अंशांच्या पुढे नीट फुगतो, आणि तोवर जवातलं बीटा-अमायलेज मरायला लागतं. म्हणून कारखान्यात तांदूळ वेगळा शिजवून मग जवाच्या लगद्यात मिसळतात. थोडक्यात, बाजारातल्या नेहमीच्या 'राइस' बिअरमध्ये जव असतोच.

मग जव पूर्ण वगळला तर? जमतं. नायजेरियाने १९८८ पासून बार्ली माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या ब्रुअरीज ज्वारीकडे वळल्या! मोड आलेल्या ज्वारीत बीटा-अमायलेज कमी, म्हणून एन्झाइम बाहेरून घालावे लागतात. अमेरिकेत २००६ मध्ये ज्वारीची रेडब्रिज बिअर आली. आपल्याकडे भाकरीच्या गावात ज्वारीची बिअर सहज मिळू नये याची मला तरी गंमत वाटते.

दुसरा प्रकार फसवा आहे. बिअर जवाचीच करायची आणि ग्लुटेन तोडणारं एन्झाइम घालायचं. हे एन्झाइम मुळात थंड बिअर गढूळ होऊ नये म्हणून वापरात आलं. ते प्रथिनाचे तुकडे करतं, पण सगळे तुकडे निरुपद्रवी होतात का? नेहमीची एलायझा टेस्ट प्रथिनाला दोन ठिकाणी पकडते. तुकड्याला पकडायची एकच जागा उरली तर टेस्टला तो दिसत नाही. तुकड्यांसाठी वेगळी एलायझा आहे, पण तिच्या आकड्यावरूनही मूळ ग्लुटेन किती होतं ते खात्रीने काढता येत नाही. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये नियम केला की आंबवलेल्या पदार्थावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर कच्चा माल आंबवण्याआधीच ग्लुटेन-फ्री हवा.

'ग्लुटेन-फ्री'ची मर्यादा आपल्याकडेही किलोला २० मिलिग्रॅम आहे. गणित करा : ६५० मिलिलीटरच्या बाटलीत त्या मर्यादेवर १३ मिलिग्रॅम. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटालियन अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने घेतल्यावर आतड्याला इजा दिसली. एका पोळीत दोन-तीन हजार मिलिग्रॅम असतं, म्हणजे पोळीचा प्रश्नच मिटला. पण चार बाटल्या पिणाऱ्याने हे गणित पुन्हा करावं.

महाशिवरात्रीला त्याच्या गावी गेलो तेव्हा आजीने मोहाची वाळलेली फुलं मुठीत दिली. मनुकांसारखी गोड! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मोहात साखर तयारच असते. स्टार्च फोडायचा नाही, म्हणून माल्ट नको, म्हणून जवही नको. गोव्याची काजू फेणी, नाशिकची वाईन, पुण्यात बनणारं मधाचं मीड, सगळ्यांचं तेच. (वरून काही मिसळलं आहे का हे लेबलवर बघायचंच.) मोहाची दारू घरी गाळणं कायद्यात बसत नाही, आणि कोणाच्या कॅनमध्ये काय मिसळलंय ते कोण सांगणार? ग्लुटेन नाही म्हणजे विष नाही असं थोडंच आहे! आजीने फुलं भाजून दिली, आम्ही ती खाल्ली.

सेंड-ऑफला रूममेट कोकम सरबतावर होता. मीडचा कॅन पुढच्या वेळी आणू असं ठरलं. पण त्याला बिअरपेक्षा मेसची काळजी जास्त. मेसच्या काकांनी त्याच्यासाठी तांदळाच्या भाकरीचा तवा वेगळा ठेवला, तरी त्याचं पोट अधूनमधून बिघडायचंच. महिनाभर कारण सापडेना. मग एके दिवशी काकांनीच फोडणीच्या हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. घटक : गव्हाचं पीठ, डिंक, हिंग.