सुट्या भागांचे गुणमेलन

खेळांसाठीचा संगणक स्वतः जुळवण्याची हौस आता आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरातही दिसू लागली आहे. वस्तुतः मी कला शाखेची विद्यार्थिनी. परंतु घरच्यांनी सोयाबीनच्या पैशांतून धाकट्या भावासाठी रक्कम बाजूला काढली, तेव्हा सुट्या भागांची यादी तपासण्याचे काम माझ्याकडे आले. खोके फोडल्यावर न जुळणारा भाग दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून ही तपासणी मोर्णा ओलांडून बाजारात जाण्यापूर्वीच व्हावयास हवी.

पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जुळले तरी लग्न ठरते. येथे तसे चालत नाही. प्रथम पाहावयाचा तो प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचा सॉकेट. एएमडीच्या एएम४ जातीत प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना असतात. २०२२ साली आलेल्या एएम५ मध्ये पिना बोर्डावर गेल्या व त्या १७१८ झाल्या. अर्थात एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसणे शक्यच नाही. परंतु सॉकेट जुळला म्हणजे सर्व जुळले, असेही नव्हे. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटाचे काही बोर्ड डीडीआर४ रॅम घेतात, तर काही डीडीआर५. दोहोंच्या खाचा निरनिराळ्या ठिकाणी असतात. शिवाय बोर्ड प्रोसेसरपेक्षा आधी तयार झालेला असेल, तर त्याचा बायोस नव्या पाहुण्याला ओळखतच नाही. कोणत्या प्रोसेसरला बायोसची कोणती आवृत्ती लागते, हे बोर्डाची कंपनी आपल्या यादीत देते. ती यादी वाचून तेवढी आवृत्ती दुकानातच घालून मागावी.

भावाच्या यादीत रायझन ५ ५६०० होता, आणि "ताई, ग्राफिक्स कार्ड दिवाळीले घेऊ," असा त्याचा बेत! या प्रोसेसरात पडद्यावर चित्र पाठवणारा भाग मुळातच नाही. दिवाळीपर्यंत पडदा काळाच राहिला असता. आम्ही ५६००जी घेतला. त्यात ती सोय आहे.

कार्डाची लांबी आणि कुलरची उंची कॅबिनेटच्या मापांशी मिलिमीटरमध्ये ताडून पाहावी. पॉवर सप्लायबाबत मात्र काटकसर नको. आरटीएक्स ४०६० हे कार्ड स्वतः ११५ वॅटच घेते, तरी संपूर्ण संगणकासाठी ५५० वॅटचा सप्लाय सुचवलेला आहे. आणखी एक धोका पुष्कळांना ठाऊक नसतो. एका सप्लायच्या सुट्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला लावू नयेत. त्या बसतात, पण आतील पिनांचा क्रम भिन्न असू शकतो, आणि मग भाग जळतात.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. खोलीच जितकी तापते, जवळपास तितकाच प्रोसेसरही अधिक तापतो. म्हणून बंद काचेच्या देखण्या कॅबिनेटपेक्षा मी पुढे जाळी असलेले निवडले. राहिला प्रश्न भिंतीतील प्लगाचा. आमच्या जुन्या घरात त्याला तिसरी वायर नव्हतीच. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतले, आणि त्यानंतरच जुळणीला हात घातला.