परसबागेतील गाजर गवत : ओळख व बंदोबस्त

गाजर गवत ही मूळची आपल्याकडील वनस्पती नव्हे. तिचे मूळ स्थान उष्ण कटिबंधातील अमेरिका होय. भारतात १९५५ च्या सुमारास पुण्यात तिची नोंद झाली आणि पुढे ती देशभर पसरली. काँग्रेस गवत व पांढरफुली ही तिचीच नावे होत. नावात गवत असले तरी ती सूर्यफुलाच्या कुळातील आहे.

ओळख : कोवळ्या रोपाची पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात व गाजराच्या पानांसारखी चिरलेली दिसतात. त्यामुळे भाजीच्या वाफ्यात ते सहज दृष्टीआड होते. पुढे खोड उभे वाढते; त्यावर खाचा व बारीक लव असते. सुमारे महिनाभरात शेंड्यावर लहान पांढरी फुले येतात. एका जोमदार झाडापासून दहा हजारांहून अधिक बी तयार होते. ते वाऱ्याने, पाण्याने व शेणखतातून पसरते.

अपाय : या झाडाच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेस खाज सुटते व चट्टे उठतात, परागकणांमुळे दम्याचा त्रास होतो. जनावरांनी ते खाल्ल्यास दुधास कडवटपणा येतो.

उपाय : पावसानंतर जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी, झाडे मुळासकट उपटावी. नुसती कापल्यास बुडख्यातून पुन्हा फुटतात. उपटताना हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे आणि नाकातोंडास फडके बांधावे. ज्यांना खाज वा दमा आहे त्यांनी व मुलांनी हे काम करू नये. फुले नसलेली झाडे कंपोस्ट खड्ड्यात टाकावी. फुलांवर आलेली झाडे न झटकता गोणीत भरून खोल पुरावी. जमिनीत पडलेले बी टप्प्याटप्प्याने उगवते. म्हणून पावसाळाभर दर पंधरवड्यास बाग तपासावी. वाफ्यातील मोकळी जागा पालापाचोळ्याने झाकावी आणि कुंपणालगत टाकळ्याचे बी पेरावे. दाट टाकळा गाजर गवतास वाढू देत नाही.

मेक्सिकोतून आणलेले भुंगेरे १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आले. पिवळसर पाठीवर तपकिरी रेघा असलेले हे भुंगेरे पावसाळ्यात याची पाने खातात. त्यांना मारू नये. तणनाशकाचा फवारा भाजीपाल्यासही मारतो. म्हणून परसबागेत तो टाळावा.

एका घराने बाग स्वच्छ ठेवली, तरी शेजारच्या बोळातील बी पुन्हा तेथे येते. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिल्या पावसानंतर आळीतील सर्व कुटुंबांस एकत्र आणून, उपटण्याची रीत प्रत्यक्ष दाखवावी.