आधी तारीख, मग तारीफ : ट्रॅकरच्या ब्रॅकेटचं पेटंट काढणाऱ्या भाचीला

भाचीबाई, नाशिकजवळच्या अंबडमधल्या तुझ्या गाळ्यात तो नवा ब्रॅकेट पाहिला. काळ्या मातीत खांब थोडा कलला तरी वरची नळी अडकत नाही, हे फार छान जमलंय तुला. सूर्यामागे फिरणारे पॅनेल बघायला येणारी माणसं मोटर बघतात, सेन्सर बघतात. पण सकाळी पूर्वेला तोंड, संध्याकाळी पश्चिमेला आणि रात्री पुन्हा जागेवर, असं पंचवीस वर्षं करायचं म्हणजे नऊ हजारांवर फेऱ्या होतात. त्या सोसणारा असतो तो बेअरिंगचा ब्रॅकेट, क्लॅम्प आणि बोल्ट. त्याचं पेटंट काढायचं तुझ्या मनात आहे, तर काढच. फक्त अर्ज तपासणीला गेल्यावर समोरचा माणूस काय शोधत असतो, ते आधी ऐकून ठेव. एरवी ऐकत नाहीस, एवढं ऐक.

१. अर्जाआधी फोटो नको, व्हिडिओ नको, गिऱ्हाइकाला कोटेशनसोबत ड्रॉइंगही नको. आधी तारीख, मग तारीफ — अर्जाच्या तारखेआधी जे लोकांसमोर आलं ते जुनं धरलं जातं, मग ते तुझं स्वतःचं का असेना.

२. निमा या नाशिकच्या उद्योजक संघटनेच्या प्रदर्शनात स्टॉल लावायचा असेल तर आदल्या आठवड्यात तात्पुरता अर्ज टाकून मोकळी हो — प्रदर्शनात मांडल्यावर बारा महिन्यांची सवलत पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे, पण ती केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती. प्रत्येक मांडवाला ती लागू होत नाही.

३. निफाडकडे कुणाच्या शेतात चार खांब ठोकून चाचणी घेणार असशील तर तीही अर्जानंतर घे. आधी घ्यावीच लागली तर तारीख, कारण आणि हजर असलेल्यांची नावं वहीत लिही — उघड्यावर केल्याशिवाय जमत नाही अशा वाजवी चाचणीला कलम ३२ वर्षभराची मुभा देतं, पण ती चाचणीच होती, विक्री नव्हती, हे तुलाच दाखवावं लागतं.

४. गॅल्व्हनायझिंगवाले, लेझर कटिंगवाले, डाय बनवणारे, सगळ्यांकडून गुप्ततेच्या करारावर सही घे. ओळखीचे असतील तर चहा पाजून घे — विश्वासानं सांगितलेलं आणि चारचौघांत सांगितलेलं यातला फरक कागदावरच दिसतो.

५. तात्पुरत्या अर्जाला घाईचं दोन पानी टिपण समजू नकोस. भोकांची लांबी, बुशचं मटेरियल, नळी गोल असली तर काय आणि चौकोनी असली तर काय, सगळं लिही — बारा महिन्यांच्या आत पूर्ण अर्ज द्यायचा असतो, आणि आधीची तारीख फक्त आधी लिहिलेल्या गोष्टींनाच मिळते.

६. खर्चाची धास्ती घेऊ नकोस. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे. मोठ्या कंपनीला तीच ८,०००. पानं तीसच्या आणि क्लेम, म्हणजे हक्काचे दावे, दहाच्या आत ठेव — वरच्या प्रत्येक क्लेमला ३२० आणि प्रत्येक पानाला १६० रुपये पडतात.

मुंबईच्या शंकर आबाजी भिशांना टाइप ओतायच्या यंत्राच्या कामासाठी आधी लंडन आणि पुढे अमेरिका गाठावी लागली होती. तुला ऑनलाइन अर्जामुळे मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसपर्यंतसुद्धा जायला नको. पंचवटी एक्स्प्रेसचं तिकीट वाचलं. त्या पैशांत आणि वेळात खालचं काम कर. बहुतेक लोक ते करत नाहीत आणि मग तिथेच अडतात.

७. चित्र काढण्याआधी शोध घे. शोधात आळस, तर उत्तरात घाम — तपासणारा जे शोधणार आहे ते तू आधी पाहिलंस तर अर्जच वेगळा लिहिशील.

८. शोध शब्दांनी सुरू करू नकोस, वर्गानं कर : ट्रॅकरच्या हलत्या आधारांसाठी एच०२एस २०/३२, आडव्या एका अक्षावर फिरणाऱ्यांसाठी एफ२४एस ३०/४२५, आणि पकडी-चौकटींसाठी एफ२४एस २५ — क्लॅम्पला कुणी होल्डर म्हणतं, कुणी सॅडल, कुणी नुसतं कनेक्टर. वर्ग मात्र सगळ्यांचा एकच राहतो. आपल्या ऑफिसचं इनपास आणि युरोपचं एस्पेसनेट, दोन्ही फुकट आहेत.

९. क्रमांकाच्या आधी सीएन आणि शेवटी यू असलेले चिनी कागद अजिबात वगळू नकोस — ती तिकडची युटिलिटी मॉडेल्स. बोल्ट-क्लॅम्पच्या छोट्या सुधारणांचा ढीग तिथेच पडलाय. आपल्या कायद्यात असं छोटं पेटंटच नाही, म्हणून तुझ्या ब्रॅकेटला पूर्ण पेटंटच्या कसोटीलाच उतरावं लागेल.

१०. मोठ्यांचं वाचताना घाबरू नकोस, ते कुठे थांबले ते बघ. अल्बुकर्कची अ‍ॅरे टेक्नॉलॉजीज १९८९ पासून या धंद्यात आहे, नेक्स्ट्रॅकर २०१३ पासून. नेक्स्ट्रॅकरनं नळी बेअरिंगच्या अक्षाखाली टांगून पॅनेलचं वजन अक्षावरच तोलायचा मार्ग धरला — ते वजनाबद्दल बोलतात, तू हलणाऱ्या जमिनीबद्दल बोलतेस, आणि हा फरक तुला पहिल्या परिच्छेदातच मांडता येईल.

११. वाचताना आधी आकृत्या बघ, मग क्लेम, वर्णन सगळ्यात शेवटी — ब्रॅकेटचं खरं भांडण आकृतीतच दिसतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते गाडी. पकडायच्या, टेकवायच्या, बसवायच्या वस्तूंवर तपासणीत एकच आक्षेप पुन्हा पुन्हा येतो : यात नवीन काय, हे तर कुठल्याही फिटरला सुचलं असतं. या आक्षेपाच्या मुळाशी असलेला खटलासुद्धा पकडीचाच आहे, ही मला नेहमी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वाटते. मिर्झापूरच्या दोन भांडी बनवणाऱ्यांचा वाद, बिश्वनाथ प्रसाद राधे श्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. लेथवर भांडं धरून तासायच्या साधनाचं पेटंट. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं ते टिकू दिलं नाही. जुन्याच पद्धतीची ही नेहमीच्या वाटेनं झालेली वाढ आहे, कारखान्यातली सुधारणा आहे, शोध नाही, असं ठरलं. निकाल जुन्या १९११ च्या कायद्याखालचा, पण आजही तपासणीच्या अहवालात त्याचं नाव निघतं. तुझ्या ब्रॅकेटला ह्याच उंबऱ्यावरून आत जायचंय.

१२. अर्जात आधी अडचण लिही, मग वस्तू. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खांबांची रांग बिघडते, सरळ बेअरिंगमध्ये नळी पिळवटते आणि मोटर जास्त वीज ओढते, हे क्रमानं सांग — अडचण नीट कळली नाही तर उत्तर सोपंच वाटतं.

१३. कलम ३ (एफ) तोंडपाठ कर : ओळखीची साधनं नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिलं, तर तो शोध नव्हे. मोहरी, हळद, तेल वेगवेगळ्या वाट्यांत असेल तर ती मांडणी. फोडणी झाली की गोष्ट बदलते. तुझं लांबट भोकही जुनं आणि गोल बुशही जुना — पण भोक खांबाची सरक घेतं तेव्हाच बुश नळीचा कल घेतो आणि दोघांपैकी एक काढलं तर दुसरं निकामी, हे लिहिलंस तर ती मांडणी राहत नाही.

१४. आकडे दे. जुन्या ब्रॅकेटवर किती अंश कल झाला की नळी अडकते, तुझ्यावर किती. फिरवायला किती जोर लागतो. दोन माणसांना बसवायला किती मिनिटं — कलम २ (१) (जेए) तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, यातलं एक तरी मागतं. वेळ वाचला तर त्याचे पैसे होतात, आणि आकडा बोलला की विशेषण गप्प बसतं.

१५. वाऱ्याचा हिशेब विसरू नकोस. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय; त्या भारात, पॅनेल आडवे करून ठेवलेले असताना आणि तिरके अडकलेले असताना, दोन्ही वेळी ब्रॅकेट काय करतो ते लिही — नळी मोकळी फिरते म्हटल्यावर वादळात ती डगमगेल का, हा प्रश्न कुणीही विचारेल.

१६. पहिला क्लेम रुंद ठेव, पण हवेत सोडू नकोस. ‘८० मिमीची चौकोनी नळी’ असं पहिल्याच क्लेममध्ये बांधून घेऊ नकोस. ते चौथ्या-पाचव्यात जाऊ दे — शेजारचा गोल नळी वापरून तुझ्यासमोरून निघून जाईल. आणि नुसतं ‘आधार देणारं साधन’ लिहिलंस तर सगळं जग आक्षेपाला येईल.

१७. खालचे क्लेम पायऱ्यांसारखे नकोत, मुक्कामासारखे हवेत : प्रत्येकावर थांबता आलं पाहिजे — वरचा पडला तरी खालच्यात धंदा राहिला पाहिजे.

१८. पाठवायच्या आधी अर्ज गाळ्यातल्या फिटरला समजावून बघ. आणि ती बुशची खाच खरं तर त्यालाच सुचली असेल तर शोधकांत त्याचं नाव घाल, हक्काचा करारही रीतसर कर — हे न्यायाचं आहे, आणि पुढे नाव लपवल्याचा वाद उकरला गेला तर पेटंटच धोक्यात येतं.

१९. तपासणी आपोआप होत नाही, फॉर्म १८ भरून मागावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी प्रायॉरिटी तारखेपासून, म्हणजे पहिल्या अर्जाच्या तारखेपासून, ३१ महिने आहेत. आधी ४८ होते — जुन्या माणसाला विचारलंस तर तो ४८ च सांगेल, म्हणून कॅलेंडरवर आजच लिही.

२०. तुला घाई असेल तर फॉर्म १८ए. अर्ज तुझ्या वैयक्तिक नावानं असेल तर महिला अर्जदार म्हणून, नाहीतर लघुउद्योग वा स्टार्टअप म्हणून जलद तपासणी मागता येते. सोबत लवकर प्रसिद्धीचा फॉर्म ९ — नाहीतर अर्ज उघडा व्हायलाच १८ महिने जातात.

२१. तपासणीचा अहवाल आला की दोन दिवस उत्तर लिहू नकोस, नुसता वाच. त्यात डी-१, डी-२ म्हणून जुने कागद दिलेले असतात. प्रत्येकाची आकृती छापून तुझ्या ब्रॅकेटशेजारी भिंतीवर लाव — तपासणारा तुझा वैरी नाही. तोही इंजिनियर किंवा विज्ञानाचाच माणूस, आपल्या नागपूरच्या राजीव गांधी संस्थेत यातल्या कित्येकांचं प्रशिक्षण होतं. अर्ज मुंबईला गेला तरी तपासणारा दिल्ली-चेन्नईला बसलेला असू शकतो; त्यानं निफाडची माती पाहिलेली नसते.

२२. उत्तरात ‘आमचा शोध वेगळा आहे’ एवढंच लिहू नकोस. डी-१ मध्ये बुश आहे पण खांब सरकल्यावर तो कुठे टेकतो, डी-२ चं भोक डी-१ ला लावलं तर नळी का अडकते, हे सांग — दोन कागद एकत्र जोडून तुला पाडता येतं, म्हणून जोडल्यावर काय बिघडतं ते तूच आधी दाखव.

२३. जिथे तपासणाऱ्याचं बरोबर आहे तिथे मान्य कर आणि क्लेम आकसून घे. पण नवीन माहिती आत सरकवू नकोस — कलम ५९ प्रमाणे मुळात नसलेलं दुरुस्तीत घालता येत नाही. म्हणून पाचव्या मुद्द्यात एवढं सांगितलं होतं.

२४. उत्तराला सहा महिने असतात, पण चौथ्या महिन्यात पाठव. तारीख चुकली तर अर्ज सोडून दिल्याचं धरतात. आणि पत्रं एजंटच्या ईमेलवर येत असली तरी महिन्यातून एकदा स्वतः ऑफिसच्या संकेतस्थळावर स्थिती बघ — एजंट बदलतो, ईमेल बदलतो, अर्ज तुझाच राहतो.

२५. सुनावणी आली म्हणजे नकार आला असं समजून रडत बसू नकोस. व्हिडिओवर असते, ब्रॅकेट हातात घेऊन बस; आणि नंतर पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्यायला विसरू नकोस — तोंडी पटलेलं कागदावर आलं नाही तर आदेशात येत नाही.

२६. परदेशातलं गिऱ्हाईक ‘आमच्याकडे आधी अर्ज टाकू’ म्हणालं तर गोड बोलून थांबव. इथे अर्ज देऊन सहा आठवडे जाऊ दे किंवा लेखी परवानगी घे — कलम ३९ मोडलं तर इथला अर्जही जातो आणि शिक्षेची तरतूदही आहे. बाहेर अर्ज केलेच तर त्यांची माहिती देणारा फॉर्म ३ वेळेवर दे.

२७. मंजुरी मिळाली की पेढे वाट, पण त्याच आठवड्यात तिसऱ्या वर्षापासूनची थकलेली फी किती ते बघ — नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत ती भरायची असते. वीस वर्षं मोजली जातात ती अर्जाच्या तारखेपासून, मंजुरीच्या नाही.

२८. पुढे बुशमध्ये छोटी सुधारणा सुचली तर नवं पेटंट काढायची घाई नको, कलम ५४ खालचं जोड-पेटंट विचार — त्याला वेगळी नूतनीकरणाची फी नसते.

रविवारी येशील तेव्हा पहिला क्लेम मराठीत लिहून आण. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीतच द्यावा लागतो, पण कोणता भाग कशाला धरतो आणि कशासाठी, हे तू मराठीत सरळ सांगशील. आणि तुझा तो जुना, पिळवटलेला ब्रॅकेटही घेऊन ये. फोटो काढून आकृतीशेजारी ठेवायचाय.